वन्संसाठी जागा

माझी नणंद नेमकं कशाचं संशोधन करते, हे मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कुणी धड सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "ती लोकांच्या घरांवर लिहिते." मला वाटलं, रंगकाम, सजावट असलं काही असेल. मी पडदे शिवते, तेव्हा म्हटलं आमचं छान जमणार. नंतर कळलं, की वन्सं लिहितात ते ज्यांना घर मिळत नाही त्यांच्यावर. पडद्यांबद्दल त्यांच्या एकाही पुस्तकात चकार शब्द नाही. मी शोधून पाहिलंय.

तरी आमचं जमलं. त्यांनी एकदा मला त्यांच्या कामाची रीत समजावून सांगितली आणि ती मला इतकी आवडली, की मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले. भाड्याने द्यायची एक जागा बघायची. तिथे दोन माणसं पाठवायची, एक सकाळी आणि एक दुपारी. दोघांचा पगार सारखा, नोकरी सारखी, कपडे सारखे, बोलणंचालणं सारखं. प्रश्नसुद्धा तेच आणि त्याच क्रमाने. फरक एकच ठेवायचा. कधी आडनावाचा, कधी रंगाचा, कधी एकीला नवरा आहे आणि दुसरीला नाही, एवढाच. मग एकाला चहा मिळतो, गच्ची दाखवतात. दुसऱ्याला दारातच कळतं, की जागा आत्ताच गेली. दोघांनी आपापली हकिगत वेगवेगळी लिहून द्यायची. ती शेजारीशेजारी ठेवली की घरमालकाला तोंड उघडता येत नाही. त्यांच्या विभागात याला 'जोडी पाठवणं' म्हणतात. वन्संनी आयुष्यभर इतक्या जोड्या जमवल्या, की लग्नं ठरवणाऱ्या बाईलाही जमल्या नसत्या. स्वतःची मात्र त्यांनी जमवली नाही, आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे.

त्यांचा दुसरा विषय घरपट्टी. ज्या वस्त्यांमध्ये लोकांना ढकललं जातं, तिथे घरपट्टी जास्त आणि रस्त्यावरचे दिवे कमी, हे त्यांनी नकाशे रंगवून सिद्ध केलं आणि नगरपालिकेला नियम बदलायला लावले. ही गोष्ट मोठीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण अशा बाईबरोबर बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. मला कांदे घ्यायचे असतात आणि या गटाराच्या कडेला उभ्या राहून मला विचारतात, की हे कुणाच्या पैशांतून बांधलंय, सांग बघू.

या वर्षी त्या निवृत्त झाल्या. विद्यापीठाने जंगी सत्कार ठरवला. गौरवग्रंथ काढायचा, मानपत्र द्यायचं, नगराध्यक्षांना बोलवायचं. या सगळ्याची सूत्रं होती त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. तो आता त्याच विभागात शिकवतो. सत्कार समितीचा सचिव झाल्यापासून सगळे त्याला सचिवच म्हणायला लागले, त्याची बायकोसुद्धा. आणि ज्या महिनाअखेरीला हा सत्कार, त्याच महिनाअखेरीला वन्संनी विद्यापीठाचं घर रिकामं करायचं होतं. एका हाताने मानपत्र आणि दुसऱ्या हाताने बाहेरचा रस्ता. नियम म्हणजे नियम, असं कुलसचिवांनी फार गोड आवाजात सांगितलं.

झालं, वन्सं जागा शोधायला लागल्या. आणि जिने सगळ्या शहराला घरं कशी नाकारली जातात ते शिकवलं, तिला शहर घर नाकारायला लागलं. एक जण म्हणाला, आम्ही एकट्या बाईला देत नाही. दुसऱ्याने वय विचारलं आणि मग म्हणाला, की जिना फार उंच आहे हो. तिसऱ्याने आडनाव ऐकलं. आमचं आडनाव ऐकलं की आम्ही कुठल्या वस्तीतून वर आलो ते समोरच्याला लगेच कळतं. तो म्हणाला, जागा कालच गेली. वन्सं हे सगळं आमच्याकडे येऊन हसत हसत सांगायच्या. "तिसऱ्याचा नकार फार सुरेख होता. वर्गात शिकवण्यासारखा," असं म्हणायच्या. पण मी बघत होते. आल्या की चपला न काढता दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहायच्या, आणि मी पाणी देईपर्यंत उठायच्या नाहीत. मला त्या घरमालकांचा असा संताप यायचा, की एकेकाच्या घरी जाऊन पडदे ओढून काढावेत. त्यांतले निम्मे मीच शिवलेले असणार.

मी म्हटलं, माझी शिवणाची खोली घ्या. त्या म्हणाल्या, तुझी मशीन कुठे जाईल? मी म्हटलं, माझ्या डोक्यावर. त्या हसल्या, माझ्या गालाला हात लावला आणि विषय बदलला. भावाच्या घरी पाहुणी म्हणून कितीही दिवस राहीन, पण राहायला येणार नाही, हे त्यांनी न बोलता सांगितलं.

मग ती जागा सापडली. जुन्या इस्पितळामागच्या गल्लीत एका दुमजली घराचा वरचा मजला. मालकीण निवृत्त नर्स. गल्लीतले सगळे तिला सिस्टर म्हणतात, आणि अजूनही कुणाला कापलं-भाजलं की आधी तिचं दार वाजवतात. खाली ती एकटीच राहते, मुलगा परगावी. मी वन्संबरोबर गेले होते, खिडक्यांची मापं घ्यायच्या निमित्ताने.

जागा फार चांगली होती. जिना रुंद आणि कठडा भक्कम. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, समोर एक लांबट गॅलरी. एका खोलीच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, कारण आधीचा भाडेकरू औषधं विकायचा आणि खोकी तिथे रचायचा. मी मनातल्या मनात त्या फळ्यांवर वन्संची पुस्तकं लावूनसुद्धा टाकली. वन्सं मात्र खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. जागा कधीपासून रिकामी आहे? आधी कोण राहत होतं? ते का गेले? आगाऊ भाडं किती महिन्यांचं? पाणी केव्हा येतं? सगळं एका सुरात, आणि चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा. सिस्टर उत्तर द्यायच्या आणि मग क्षणभर थांबायच्या, जसं आपण आपलं बाळ कुणाला दाखवतो आणि ते काही म्हणतील म्हणून थांबतो. वन्सं पुढचा प्रश्न विचारायच्या. स्वयंपाकघर बघू या का, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, नको, झालं माझं.

इथवर ठीक होतं. पण जिना उतरताना खालच्या भिंतीवर खिळ्याला टोचलेली घरपट्टीची पावती त्यांना दिसली, आणि पूर्ण भेटीत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, ही तर फारच कमी लागलीय तुम्हाला," त्या कौतुकाने म्हणाल्या. "यात वरचा मजला धरलेलाच दिसत नाही."

सिस्टरनी पावतीकडे पाहिलं, मग वन्संकडे पाहिलं. मुलाशी बोलून कळवते, म्हणाल्या, आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या नाहीत.

रस्त्याला लागल्यावर वन्सं जमिनीपासून चार बोटं वर चालत होत्या. गॅलरीत खुर्ची कुठे ठेवायची, त्या फळ्यांवर कुठली पुस्तकं, सकाळचं ऊन कुठून येईल, सगळं त्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, मग हे तिथे का नाही बोललात? त्या म्हणाल्या, अगं, असं सांगायचं नसतं. मला वाटलं, भाडं कमी करून घ्यायला चेहरा कोरा ठेवला असेल. मीही कापड घेताना तेच करते. म्हणून गप्प बसले.

फोन काही येईना. वन्सं पुस्तकं बांधत होत्या, पण बांधायच्या आणि परत सोडायच्या. आमच्याकडे जेवायला आल्या तरी फोन ताटाशेजारी ठेवायच्या. एरवी जेवताना फोन घेणाऱ्याला त्यांनी घराबाहेर काढलं असतं.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगते. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. गौरवग्रंथासाठी बहिणीचे लहानपणचे फोटो द्यायला हे सत्कार समितीच्या बैठकीला गेले, आणि फोटोंबरोबर सगळी कहाणीही देऊन आले. सिस्टर कोण, जागा कुठे, फोन कसा येत नाही, इत्थंभूत. सचिवाने कान टवकारले. आपल्या बाईंना जागा नाकारतात? आणि आपण इथे हार-तुऱ्यांचा विचार करत बसलोय? त्याचे डोळे म्हणे पाणावले. बाईंच्या पद्धतीने बाईंना न्याय मिळवून द्यायचा, याहून मोठा सत्कार कुठला, असं तो म्हणाला, आणि सगळी समिती पेटून उठली.

एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना बाईंनीच शिकवलेलं. त्यामुळे एकाच्या जागी सगळी फौज निघाली. सांख्यिकीचे प्राध्यापक बँकेतले अधिकारी होऊन गेले. विभागातले दोन संशोधक, एक मुलगा आणि एक मुलगी, ज्यांचं एरवी एकमेकांशी क्षणभर पटत नाही, ते नवविवाहित जोडपं होऊन गेले. ग्रंथपाल विधुर होऊन गेले. प्रत्येकाने आपलं उत्पन्न वन्संच्या निवृत्तिवेतनाइतकंच सांगितलं, आणि प्रत्येकाने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा यांनी मला सांगितलं होतं, की फोटोंची निवड चालू आहे.

सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, की जागा दिली. समितीने बसून त्याचा निष्कर्ष काढला. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असं झालेलं नाही, म्हणजे सिस्टर भेदभाव करत नाहीत. सगळ्यांना नाही म्हणतात, म्हणजे जागा खरोखरच गेली आहे. बाईंना फोन आलेला नाही, म्हणजे ती बाईंना मिळालेली नाही. निष्कर्ष अगदी शास्त्रशुद्ध होता. तो घेऊन हे पडलेल्या चेहऱ्याने घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर बहिणीला म्हणाले, "ताई, ती जागा गेली असं ऐकलं." कुठून ऐकलं ते मात्र गिळलं.

वन्सं म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने मी ताटं उचलत होते तेव्हा स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. "या वेळी मला वाईट वाटलं गं," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. मी ओल्या हातांनीच त्यांना जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी शिवणाची खोली रिकामी करायला घेतली.

सत्काराच्या दिवशी सकाळी मात्र माझं डोकं फिरलं. मशीन उचलून पॅसेजमध्ये ठेवताना तिचा पाय माझ्या पायावर पडला, आणि तो सगळा राग मी सिस्टरवर काढायचं ठरवलं. जागा दिली तर दिली, पण एक फोन करून सांगायला काय हात मोडले होते? मी तशीच लंगडत त्या गल्लीत गेले आणि दार वाजवलं.

सिस्टरनी दार उघडलं, मला ओळखलं आणि पहिल्यांदा माझ्या पायाकडे पाहिलं. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर मला खुर्चीवर बसवून त्यांनी माझा अंगठा दाबून बघितला होता. हाड शाबूत आहे, म्हणाल्या. मग पट्टी बांधता बांधता त्यांनीच विचारलं, "तुमच्या नणंदबाई घरपट्टीच्या खात्यात आहेत ना? खरं सांगा."

मी म्हटलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी एक बाई आल्या, पोलिसासारख्या प्रश्न विचारत सुटल्या, जागेबद्दल चांगला-वाईट एक शब्द काढला नाही आणि जाताना घरपट्टीची पावती वाचून गेल्या. मुलाला फोन केला, तो तर लगेच हो म्हणाला होता, पण सिस्टरचंच मन कचरत होतं. तेवढ्यात एकामागून एक माणसं यायला लागली. सगळ्यांचा पगार एकच, सगळ्यांचे प्रश्न तेच, क्रमही तोच. नवी नवरी म्हणवणारी मुलगी स्वयंपाकघरात डोकावली नाही, आणि नवरा-बायको एकमेकांच्या अंगावर वसकन येत होते. "मी काय दुधखुळी आहे?" सिस्टर म्हणाल्या. वरच्या मजल्याची पट्टी वसूल करायला खात्याने माणसं पेरली आहेत, अशी त्यांची खात्री झाली. म्हणून त्यांनी सरसकट सगळ्यांना सांगून टाकलं, की जागा दिली. प्रत्यक्षात ती रिकामीच होती.

माझ्या डोळ्यांपुढे समितीचा एकेक चेहरा आला. मी आधी पोट धरून हसले आणि मग आमच्या यांना मनातल्या मनात असं काही बोलले, की ते इथे लिहिता येणार नाही. सिस्टरना मी हरप्रकारे सांगितलं, की वन्सं विद्यापीठात शिकवतात. त्या म्हणाल्या, तसं कुणीही सांगेल. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, संध्याकाळी माझ्याबरोबर चला आणि त्या कोण आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या पुष्कळ वेळ विचार करून तयार झाल्या. निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

सभागृहाच्या दारातच सांख्यिकीचे प्राध्यापक कार्यक्रमपत्रिका वाटत होते. सिस्टरनी माझं कोपर धरलं. "हा बँकवाला," त्या म्हणाल्या. पुढे ते दोघे संशोधक ध्वनिक्षेपकाच्या वायरीवरून भांडत होते. सिस्टरनी त्यांना निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, की आता मात्र खरे नवरा-बायको वाटतात. तेवढ्यात ग्रंथपाल आपल्या बायकोला घेऊन आमच्या पुढच्याच रांगेत येऊन बसले.

"याची बायको तर वारली होती," सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या. "बरी दिसतेय की."

मला हसू दाबता येईना. पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा हळूहळू कठीण होत चालला होता. वन्संना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या व्यासपीठावर नगराध्यक्षांशेजारी बसल्या होत्या. समोर गौरवग्रंथाचा गठ्ठा होता. नगराध्यक्षांचं भाषण झालं. घरपट्टीच्या सुधारणेचं सगळं श्रेय त्यांनी स्वतःला घेतलं आणि उरलेलं वन्संना दिलं. मग सचिव उभा राहिला.

त्याने बाईंच्या कामाचं वर्णन फार चांगलं केलं, ते मान्य केलं पाहिजे. जोड्या पाठवण्याची रीत किती बारकाईने बसवली, तिच्यामुळे किती लोकांना घरं मिळाली, हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. आणि भरून आलेल्या आवाजातच तो पुढे म्हणाला, की बाईंचा वारसा आम्ही नुसता ग्रंथात ठेवलेला नाही. परवाच आम्ही खुद्द बाईंसाठी, इस्पितळामागच्या एका जागेत, बाईंच्याच पद्धतीने चाचणी घेतली. बाईंना ती जागा मिळू शकली नाही याचं दुःख आहे, पण चाचणी अत्यंत काटेकोर झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलसचिवांनीही वाजवल्या.

सिस्टर उठल्या. "मला हे बरोबर वाटलं नाही," त्या सरळ म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाईल असा तो आवाज होता. टाळ्या थांबल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला.

वन्संनी आमच्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं, कारण माणसांचे चेहरे वाचण्यातच त्यांचा जन्म गेला. त्या उठून ध्वनिक्षेपकापाशी आल्या. सचिव अजून तिथेच होता. त्याला त्यांनी नुसतं बाजूला केलं.

"सिस्टर, थोडं थांबा," त्या म्हणाल्या. "मग खुशाल जा."

सिस्टर उभ्याच राहिल्या, पण गेल्या नाहीत.

वन्संनी आधी विद्यार्थ्यांना झापलं. ज्याच्या घरी आपण जातो त्याला आपल्यामुळे घोर लागता कामा नये, हा धडा पहिल्या वर्षाला असतो, आणि यातले तिघे तो इतरांना शिकवतात, असं त्या म्हणाल्या. सिस्टरची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग लिहून आणलेलं भाषण मिटलं.

"पण त्यांच्या आधी पहिली चाचणी मीच घेतली," त्या म्हणाल्या. "मी सिस्टरकडे जागा मागायला गेलेच नव्हते. मी नकार ऐकायला गेले होते. मला दुसरं काही येतच नाही. माझे वडील जागा शोधायला जाताना मला बरोबर न्यायचे. वेण्या घातलेली मुलगी बरोबर असली की दार जरा जास्त उघडतं, असं त्यांना वाटायचं. प्रत्येक ठिकाणी ते म्हणायचे, 'तुमची जागा मला फार आवडली हो.' आणि समोरचा नाही म्हणाला, की ते त्याचे आभार मानायचे. दार बंद झाल्यावरसुद्धा मानायचे. मला त्या आभारांची इतकी लाज वाटायची, की मी ठरवलं, आपण कुणाच्या दारात काही आवडलं म्हणून सांगायचं नाही. आपण फक्त प्रश्न विचारायचे. पुढे त्याचंच हे सगळं झालं." असं म्हणून त्यांनी गौरवग्रंथाच्या गठ्ठ्याकडे हात केला.

आमचे हे माझ्या शेजारी रुमाल शोधत होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते तेव्हा पाळण्यात होते. मी माझा पदर दिला. सकाळपासून त्यांच्यावर असलेला माझा राग तिथेच विरघळला, आणि खरं सांगायचं तर मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

वन्सं व्यासपीठावरून उतरल्या आणि आमच्या रांगेपाशी येऊन सिस्टरसमोर उभ्या राहिल्या. ध्वनिक्षेपक मागेच राहिला होता, पण सभागृह इतकं शांत झालं होतं, की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"सिस्टर, तुमची जागा मला फार आवडली," त्या म्हणाल्या. "मला तिथे राहायचं आहे. द्याल का?"

इतक्या लोकांसमोर ही बाई नाही म्हणाली तर वन्सं परत कधी कुणाकडे काही मागणार नाहीत, हे मला कळत होतं. सिस्टरना कसलीच घाई नव्हती. त्यांनी वन्संना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग त्यांनी आपले प्रश्न सुरू केले.

रात्री जाग येते का? येते, वन्सं म्हणाल्या. मग काय करता? वाचते. जिना चढताना दम लागतो? थोडा लागतो. खोटं बोलत नाही हे बरं, सिस्टर म्हणाल्या.

"आणि रात्री बरं वाटेनासं झालं तर मला हाक माराल? का माझी झोपमोड नको म्हणून सकाळपर्यंत थांबाल?"

वन्संनी आयुष्यात घरमालकांचे हजारो प्रश्न गोळा केले असतील, पण हा त्यांच्याकडे नव्हता. "थांबेन बहुतेक," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"मग नाही जमायचं."

व्यासपीठावर कुणीतरी हळहळलं, बहुधा सचिव.

"हाक मारणार असाल तर या," सिस्टर म्हणाल्या. "मी खाली एकटीच असते. मलाही कधी तुम्हाला हाक मारावी लागेल."

"मारीन," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग सबंध सभेसमोर, त्यांचे वडील मानायचे तसे, त्यांनी घरमालकिणीचे आभार मानले.